‘फिनिश’ म्हटलं म्हणून मरण बदलतं का? गेममधलं युद्ध आणि आपली तरुण पोरं

१० मे २०२५, शनिवार. दोन दिवसांवर बुद्धपौर्णिमा आली होती आणि घोडेगावच्या आमच्या वस्तीत विहाराच्या साफसफाईसाठी पोरं जमली होती. पताका लावून झाल्या, चहा आला आणि नेहमीप्रमाणे चौघे जण कोपऱ्यात मोबाईल आडवे धरून बसले. तेवढ्यात भारत आणि पाकिस्तान यांच्यात शस्त्रसंधी झाल्याची बातमी आली. गेम खेळता खेळताच एक जण म्हणाला, “झोन बंद होत आला होता, समोरचा नॉक होता. फिनिश करायचं सोडून यांनी त्याला रिव्हाइव्ह दिला.”

दुसरा लगेच उसळला. “तू इथं चटईवर बसून फिनिश कर. याच्या भावाला विचार.” ज्याच्याकडे त्याने बोट दाखवले, त्याचा मोठा भाऊ अग्निवीर आहे. चार दिवस घरी फोन नव्हता. तो पोरगा काहीच बोलला नाही. त्याने फोन खिशात घातला आणि बाहेर जाऊन उभा राहिला.

आवाज वाढला तसे एक ज्येष्ठ उपासक ओरडले, “विहारात कसली युद्धं लावलीत? ठेवा ते मोबाईल.” आम्हीही त्यांचीच री ओढली. वाद थांबला, पोरं पांगली. घरी परतताना मात्र आमच्या लक्षात आले की आपण चूक केली. वस्तीतली पोरं युद्ध, सरकार, माणुसकी आणि मरण यांवर मोकळेपणाने बोलत होती, आणि त्यांना गप्प बसवणारे दुसरे कोणी नव्हते, आम्हीच होतो. हा लेख त्या चुकीतून लिहितो आहोत.

गेममध्ये राजकारण आहेच

“गेम म्हणजे टाइमपास, त्यात कसलं राजकारण?” असे पालक म्हणतात, आणि बरीच पोरंही म्हणतात. गेल्या काही वर्षांचा क्रम पाहिला तर हे टिकत नाही.

जानेवारी २०१९ मध्ये ‘परीक्षा पे चर्चा’ कार्यक्रमात एका आईने मुलाच्या ऑनलाइन गेमची तक्रार केली, तेव्हा पंतप्रधानांनी हसत ‘हा पबजीवाला आहे का’ असे विचारले आणि सभागृहात हशा पिकला. त्याच महिन्यात ११ वर्षांच्या एका मुलाच्या वतीने मुंबई उच्च न्यायालयात पबजीवर बंदीची मागणी करणारी जनहित याचिका दाखल झाली. मार्च २०१९ मध्ये राजकोटला पबजी खेळतात म्हणून तरुणांना अटकही झाली. तोवर मुद्दा होता व्यसनाचा.

१५ जून २०२० ला गलवान खोऱ्यात २० भारतीय जवान शहीद झाले आणि मुद्दाच बदलला. २ सप्टेंबर २०२० ला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ अ खाली ११८ ॲपवर बंदी आली, त्यात पबजी मोबाईल होता. कारण व्यसनाचे नव्हते, देशाच्या सुरक्षेचे होते. दोनच दिवसांनी अक्षय कुमार यांनी ‘फौजी’ या देशी गेमची घोषणा केली. २६ जानेवारी २०२१ ला तो आला तेव्हा त्यात गलवानचीच चकमक होती. सात महिन्यांपूर्वी ज्या खोऱ्यात माणसे मेली, ते खोरे पोरांच्या बोटाखाली खेळायला आले.

त्याच उन्हाळ्यात, जुलै २०२० मध्ये, पाकिस्ताननेही पबजीवर तात्पुरती बंदी घातली होती. तिथे कारण मुलांच्या मानसिक आरोग्याचे आणि व्यसनाचे दिले गेले. एकमेकांना शत्रू म्हणणाऱ्या दोन देशांनी एकाच वर्षी एकाच खेळावर बंदी घातली, कारणे मात्र आपापली.

जुलै २०२१ मध्ये तोच खेळ ‘बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया’ म्हणजे बीजीएमआय या नावाने परतला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा बंद झाला आणि मे २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाला. फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायर गेला, फ्री फायर मॅक्स राहिला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आणि त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली. पुण्याच्याच सुपरगेमिंग कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘इंडस’ हा भारतीय बाजाचा युद्धखेळ आणला. बंदी, परवानगी, देशभक्ती आणि बाजार हे सगळे या पोरांच्या स्क्रीनवरून गेले आहे. त्यावर ती बोलणारच.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र हरवली. जुन्या पबजीच्या आशिया सर्व्हरवर कधी कधी पाकिस्तानी खेळाडू टीममध्ये यायचे. आमच्याकडचा एक जण सांगतो, “लाहोरचा एक होता. शिव्या आपल्यासारख्याच द्यायचा आणि आई जेवायला बोलावते म्हणून मध्येच पळायचा.” बीजीएमआयमध्ये भारतातलेच खेळाडू भेटतात. म्हणजे आज १५ वर्षांच्या पोराला पाकिस्तान माहीत आहे तो फक्त टीव्हीवरचा. आईच्या हाकेला पळणारा पाकिस्तानी त्याने ऐकलेलाच नाही.

शब्द बदलला, गोष्ट तीच

बीजीएमआय आला तेव्हा त्यात काही बदल होते. रक्ताचा रंग हिरवा. ‘किल’ हा शब्द काढून ‘फिनिश’. सुरुवातीला सूचना की हे जग खरे नाही. १८ वर्षांखालच्यांना दिवसाला तीन तास, खर्चाला दिवसाला सात हजार रुपयांची मर्यादा. हेतू चांगला असेल. पण आमच्या गटचर्चेत एका मुलीने सरळ विचारले, “रक्त हिरवं केलं म्हणून गोळी लागत नाही का?”

हा प्रश्न गेमपुरता नाही. आपल्या मराठी बातम्या पाहा. माणूस मेला असे क्वचितच लिहितात. ‘कंठस्नान घातले’, ‘खात्मा केला’, ‘यमसदनी धाडले’ असे लिहितात. प्रत्येक शब्द मरणाला जरा दूर सारतो. गेम कंपनीने केले तेच वृत्तवाहिन्या रोज करतात, फक्त त्यांच्याकडे सुरुवातीला ‘हे जग खरे नाही’ ही सूचना नसते.

ती असायला हवी होती, असे मे २०२५ मध्ये वाटले. त्या चार दिवसांत कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याच्या खोट्या बातम्या काही वाहिन्यांनी चालवल्या. दोन्ही बाजूंनी व्हिडिओ गेममधली दृश्ये खऱ्या हल्ल्याची म्हणून फिरली, आणि पीआयबीच्या फॅक्ट चेक विभागाला ती खरी नाहीत असे सांगावे लागले. हे नवे नव्हते. ‘आर्मा ३’ या गेमची दृश्ये युक्रेनच्या युद्धात इतक्या वेळा खरी म्हणून दाखवली गेली की तो गेम बनवणाऱ्या बोहेमिया इंटरॅक्टिव्ह या चेक कंपनीने नोव्हेंबर २०२२ मध्ये निवेदन काढून ती ओळखायची कशी हे समजावले. चित्र मुद्दाम अस्पष्ट, कॅमेरा हलता, बहुतेक रात्र, आवाज नाही, आणि हलणारी माणसे दिसत नाहीत.

गंमत अशी की आमच्या वस्तीत तो व्हिडिओ खोटा आहे हे पहिल्यांदा ओळखले ते गेम खेळणाऱ्या पोरांनीच. “काका, हा धूर गेमचा आहे,” असे एकाने सांगितले. पुढे पाठवणारे काका पदवीधर होते. आपण ज्यांना ‘मोबाईलने बिघडलेली’ म्हणतो, त्यांच्याकडे खोटे ओळखण्याचे एक कसब आहे. ते वस्तीच्या कामी आणायला हवे.

पडलेल्याला मारायचे का?

गेम खेळणाऱ्यांचा सर्वांत जुना वाद हा आहे. बीजीएमआयमध्ये गोळी लागलेला खेळाडू आधी ‘नॉक’ होतो, रांगतो. साथीदार आला तर तो पुन्हा उभा राहतो. मग रांगणाऱ्याला संपवायचे की नाही? एक गट म्हणतो, “नाही संपवला तर त्याचा मित्र त्याला उठवेल आणि तो आपल्याला मारेल.” दुसरा म्हणतो, “त्याच्यावर गोळ्या घालत बसणं घाणेरडं आहे.”

आमच्या पोरांना माहीत नव्हते, पण या वादात रेडक्रॉसने भाग घेतलेला आहे. आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीने २०१३ पासून म्हणायला सुरुवात केली की युद्धाचे गेम जरूर असावेत, पण त्यांत युद्धाचे कायदेही असावेत. २०१७ मध्ये ‘आर्मा ३’ला ‘लॉज ऑफ वॉर’ हा भाग जोडला गेला. त्यात खेळाडू सुरुंग काढणाऱ्या मदत कार्यकर्त्याच्या भूमिकेत जातो, आणि त्याच्या उत्पन्नाचा वाटा रेडक्रॉसला देण्यात आला. २०२३ मध्ये रेडक्रॉसने खेळाडूंसाठी चार साधे नियम मांडले. पडलेल्या, प्रतिकार करू न शकणाऱ्यावर गोळ्या झाडू नका. जे लढत नाहीत त्यांना मारू नका. नागरी इमारतींना लक्ष्य करू नका. औषधपेटी आपल्यासाठी तशी दुसऱ्यासाठीही वापरा.

पहिला नियम खऱ्या जगातला आहे. १९४९ च्या जिनिव्हा करारांनुसार जखमी, शरण आलेला किंवा लढाईबाहेर गेलेला सैनिक मारता येत नाही. भारताने हे करार स्वीकारले आहेत आणि १९६० मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदाही केला आहे. हे सांगितल्यावर त्या शनिवारी ‘फिनिश करायचं सोडून’ म्हणणारा पोरगा थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, “पण खऱ्या युद्धात समोरचा हे पाळतो का?” हा प्रश्न चुकीचा नाही. जगभरची सरकारे तोच विचारतात आणि स्वतः नियम मोडायला तेच कारण देतात. पण निदान पोराला आता कळले की तो कोणत्या वादात उभा आहे.

सगळे युद्धखेळ बंदूक चालवण्याचेच असतात असेही नाही. ‘धिस वॉर ऑफ माइन’ या २०१४ च्या पोलिश गेममध्ये खेळाडू सैनिक नसतो. वेढा पडलेल्या शहरात अन्न आणि औषध शोधत जगू पाहणारी सामान्य माणसे त्यात आहेत, आणि सारायेव्होच्या वेढ्याचा आधार त्याला आहे. २०२० मध्ये पोलंडने तो शाळांच्या वाचनयादीत घेतला. याउलट ‘अमेरिकाज आर्मी’ हा गेम २००२ मध्ये अमेरिकी सैन्याने भरतीसाठी स्वतः काढला आणि वीस वर्षे चालवला. गेम युद्ध विकूही शकतो आणि युद्धाची किंमतही दाखवू शकतो.

धम्म काय विचारतो?

आता आपला प्रश्न. गेममध्ये मारले तर पहिले शील मोडते का? आम्हाला हे अनेकदा विचारले गेले आहे, बहुतेक वेळा चिडवण्यासाठी.

पाली अट्ठकथांमध्ये प्राणघात पूर्ण होण्यासाठी पाच गोष्टी सांगितल्या आहेत. जिवंत प्राणी असणे, तो जिवंत आहे हे ठाऊक असणे, मारण्याचे चित्त, त्यासाठीचा प्रयत्न आणि त्यातून मरण. गेममध्ये पहिलीच गोष्ट नाही. त्यामुळे शील मोडले असे म्हणता येत नाही, आणि पोरांना पापाची भीती घालणेही धम्माला धरून नाही. पण तिसरी गोष्ट उरते, ती म्हणजे चित्त. ते तासन्‌तास कशात रमते, हा प्रश्न उरतोच.

दीघनिकायाच्या ब्रह्मजाल सुत्तात श्रमणांनी टाळायच्या गोष्टींची यादी आहे. त्यात आठ आणि दहा घरांच्या पटावरचे खेळ आहेत, तसेच लुटुपुटीच्या लढाया आणि सैन्याच्या कवायती पाहणेही आहे. हा नियम भिक्खूंसाठी आहे, उपासकांसाठी नाही. पण अडीच हजार वर्षांपूर्वीही युद्धाचा तमाशा माणसाला ओढून घेतो हे ओळखलेले होते, एवढे त्यातून दिसते.

संयुक्तनिकायात एका योद्ध्यांच्या प्रमुखाची गोष्ट आहे. त्याने बुद्धांना विचारले की रणात मरणारा स्वर्गात जातो असे आमचे आचार्य सांगत आले, हे खरे का? बुद्धांनी दोनदा टाळले. तिसऱ्यांदा सांगितले की ‘समोरचे मरोत’ अशा चित्ताने मरणाऱ्याला स्वर्ग नाही. तो रडू लागला. तुम्ही असे बोललात म्हणून रडत नाही, असे त्याने सांगितले. इतकी वर्षे आपल्याला फसवले गेले, याचे त्याला रडू आले. स्वर्ग-नरकाची भाषा बाजूला ठेवली तरी हे रडणे आजही ओळखीचे वाटते.

आणि बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण म्हणून जे सांगितले, ते तर थेट युद्धावरच्या चर्चेचे आहे. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांचे भांडण. शाक्य संघात सेनापतीने युद्धाचा ठराव मांडला. २८ वर्षांच्या सिद्धार्थाने विरोध केला आणि दोन्हीकडच्या माणसांची लवाद समिती नेमा असे सुचवले. बहुमत युद्धाच्या बाजूने गेले. दुसऱ्या दिवशी २० ते ५० वयाच्या सर्व शाक्यांनी सैन्यात यावे असा ठराव आला. विरोधातले बाकीचे गप्प बसले. सिद्धार्थ उभा राहिला. कुटुंबावर बहिष्कार आणि जमीन जप्तीची धमकी आल्यावर त्याने स्वतः परिव्रज्या स्वीकारली.

त्याच बाबासाहेबांनी दुसऱ्या महायुद्धात आपल्या तरुणांना सैन्यात जाण्याचे आवाहन केले, आणि १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली. हा विरोधाभास आहे का? आमच्या मते नाही. मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत बुद्धांनी फरक केला, हे बाबासाहेबांनीच मांडले आहे. गरज आहे की नाही हे ठरवायला मात्र चर्चा लागते आणि विरोधात उभे राहणाऱ्याला बोलू द्यावे लागते. शाक्य संघात निदान ठराव मांडला गेला आणि मतदान झाले.

आपल्या पुण्यात काय झाले? मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरवरची एक पोस्ट पुढे पाठवली म्हणून अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थिनीला अटक झाली. तिने पोस्ट काढून माफी मागितली होती, तरीही महाविद्यालयाने काढून टाकले. २७ मे रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तिला जामीन दिला, सरकारला फटकारले आणि महाविद्यालयाच्या आदेशालाही स्थगिती दिली. आमच्या पोरांनी ही बातमी वाचली आहे. त्यामुळेच ती मनातले मोठ्या माणसांसमोर बोलत नाहीत. गेमच्या व्हॉइस चॅटवर, टोपणनावाने बोलतात.

हा वाद आपल्याच घरात का महत्त्वाचा

घोडेगाव हे आंबेगाव तालुक्याचे ठिकाण. पश्चिमेकडच्या गावांतून महादेव कोळी आणि ठाकर समाजाची मुले इथे वसतिगृहात राहून शिकतात. पहाटे रस्त्यावर भरतीसाठी धावणाऱ्यांत ती असतात, आपल्या वस्तीतली असतात आणि शेतकऱ्यांची असतात. रात्री बीजीएमआय खेळणारी आणि पहाटे धावणारी पोरं बहुतेक तीच. जून २०२२ मध्ये आलेल्या अग्निपथ योजनेत चार वर्षांची नोकरी आहे आणि त्यानंतर जास्तीत जास्त चौथा हिस्साच कायम होतो. ज्यांच्या घरात कोणी भरतीला जाणार नाही, त्यांना युद्ध पाहायला मजा वाटू शकते. आपल्या पोरांना ती चैन परवडत नाही. म्हणून युद्धावर बोलण्याचा पहिला हक्क त्यांचा आहे.

शौर्याला आम्ही कमी लेखत नाही. दर १ जानेवारीला आपण भीमा कोरेगावला जातो. १८१८ च्या लढाईतले सैनिक आपल्याला आठवतात ते माणूस म्हणून नाकारले गेलेले लोक ताठ उभे राहिले म्हणून. किती मारले याची गिनती करायला आपण तिथे जात नाही. हा फरक पोरांना समजावून सांगायला हवा, नाहीतर विजयस्तंभही त्यांना स्कोअरबोर्ड वाटेल.

आणि जात गेममध्येही सुटत नाही. टोपणनावात ‘भीम’ असले की व्हॉइस चॅटवर जातीवरून शिवी येते, असे आम्हाला एकाने नव्हे, अनेकांनी सांगितले. मुली तर माइक बंद ठेवूनच खेळतात. शस्त्रसंधी बरी झाली असे म्हणणाऱ्या एकाला त्या आठवड्यात ‘देशद्रोही’ म्हटले गेले आणि पुढच्याच वाक्यात त्याची जात काढली गेली. युद्धाचा ज्वर चढला की तो सीमेपलीकडेच थांबत नाही, आधी शेजारच्या वस्तीत येतो.

हिंसक गेम खेळून माणूस खुनी होतो का? अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने २०१५ आणि २०२० मध्ये हेच सांगितले की आक्रमक वागणुकीशी काही संबंध दिसतो, पण गुन्हेगारी हिंसेशी संबंध जोडण्याइतका पुरावा नाही. त्यामुळे ‘मोबाईल फोडा’ हा उपाय नाही.

मग काय करायचे?

आम्ही घोडेगावात जे सुरू केले ते छोटेच आहे. महिन्यातून एका रविवारी वंदनेनंतर तासभर बसतो. नियम तीन. कोणाला देशद्रोही म्हणायचे नाही आणि कोणाची जात काढायची नाही. व्हिडिओ दाखवायचा तर तो कुठून आला ते आधी सांगायचे. मोठ्यांनी शेवटी बोलायचे. हा तिसरा नियम आमच्यासाठी सर्वांत अवघड आहे.

पहिल्या बैठकीला रेडक्रॉसचे चार नियम ठेवले आणि रोहिणीच्या पाण्याचा ठराव ठेवला. पोरांनाच शाक्य संघ केले. सेनापती कोणी व्हायचे यासाठी भांडण झाले, सिद्धार्थ व्हायला कोणी तयार नव्हते. शेवटी अग्निवीराचा भाऊ उठला. तो फार बोलला नाही. एवढेच म्हणाला, “युद्ध करायचं तर करा, पण ठरवणाऱ्यांच्या घरातलाही एक पाठवा.” मतदान घेतले. तो हरला, नऊ विरुद्ध चार.

पण त्याच्याबरोबर हात वर करणाऱ्या चौघांत शनिवारचा तो ‘फिनिश’वाला होता.

तुमच्या विहारातही पोरं कोपऱ्यात मोबाईल घेऊन बसत असतील. पुढच्या वेळी ओरडण्याआधी पाच मिनिटे शेजारी बसा आणि ती काय बोलतात ते ऐका.

नमो बुद्धाय, जय भीम.